टेक्स्चर ताणलं, फिरलं, उलटं आलं : कुठून तपासायला सुरुवात करायची

घरांची आणि दुकानांची थ्रीडी मॉडेल्स ब्लेंडरमध्ये बनवायची आणि ती ब्राउझरमध्ये थ्री-जेएसवर फिरवून दाखवायची, हे माझं रोजचं काम. टाइल्स, सागवान, कोटा, जांभा, वॉलपेपर, सगळं त्यात येतं, आणि ते दिसतं मॉडेलच्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रातून, म्हणजे टेक्स्चरमधून. आणि "टेक्स्चर नीट बसत नाहीये, बघता का?" ही एकच तक्रार दर थोड्या दिवसांनी कुणीतरी घेऊन येतंच. बटणांची नावं मी ब्लेंडर आणि थ्री-जेएसमधली देतोय. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, कारणं हीच राहतील.

लक्षणं

"नीट बसत नाही" यावरून काहीच कळत नाही. आधी पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते बघा.

चौरस टाइल आयत दिसते. किंवा एका भिंतीवर टाइल मोठी आणि शेजारच्या भिंतीवर लहान. दरवाजाच्या उभ्या पट्टीवर लाकडाच्या रेषा आडव्या धावतात (गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार नाही कदाचित, पण सुतार पहिल्या नजरेत सांगतो). पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी येतात, किंवा शिरोरेखा खाली आणि अक्षरं वर. चित्र एकदाच उमटतं आणि पुढे त्याच्या कडेचे रंग लांबच लांब ओढलेले पट्टे होतात. ४५ अंशांत तिरकी लावलेली फरशी चौरस न राहता कलंडलेली दिसते. ब्लेंडरमध्ये सगळं छान आणि एक्स्पोर्ट केलं की भलतंच. रंग बरोबर पण उजेड चुकीच्या बाजूने, म्हणजे टाइलमधले खाचेचे जॉइंट फुगवट्यासारखे.

आणखी एक लक्षण लोक याच खात्यात टाकतात : कॅमेरा हलला की पृष्ठभाग लुकलुकतो. हा टेक्स्चर बसवण्याचा दोष नाही. एकाच जागी दोन पृष्ठभाग एकमेकांवर आले असतील तर एक काढा किंवा दोन-चार मिलिमीटर पुढे घ्या. लांबच्या फरशीवरच्या रेषा तेवढ्या झिलमिलत असतील तर मिपमॅप (लांबून दाखवायच्या टेक्स्चरच्या लहान प्रती) चालू आहेत का ते पाहा आणि ॲनिसोट्रॉपी (तिरक्या कोनातून टेक्स्चर स्पष्ट ठेवणारी सेटिंग) वाढवा. थ्री-जेएसमध्ये ती मुळात १ असते. बास, एवढंच. पुढचं सगळं खऱ्या दोषांबद्दल.

आधी चेकर लावा, फुकट आहे

यूव्ही म्हणजे पृष्ठभागावरच्या कुठल्या बिंदूवर चित्रातला कुठला बिंदू येणार याचा नकाशा. यूव्ही एडिटरमध्ये नवी इमेज घ्या, प्रकार "कलर ग्रिड" निवडा आणि तुमच्या टाइलच्या फोटोऐवजी ती मटेरियलमध्ये जोडा. रंगीत चौकोन आणि प्रत्येक चौकोनात अक्षर-आकडा असतो. साधा काळा-पांढरा चेकर घेऊ नका. त्यावर ताण दिसतो, पण चित्र उलटं झालंय की फिरलंय ते कळत नाही.

चौकोन चौरस आहेत, सगळीकडे एकाच मापाचे आहेत आणि अक्षरं सरळ वाचता येतात? मग यूव्ही ठीक आहे आणि दोष फोटोत आहे किंवा मटेरियलमध्ये. मेशला (मॉडेलच्या जाळीला) हात लावायचं कारण नाही. निम्मा शोध इथेच संपतो, तरी ही पायरी गाळून लोक थेट अनरॅप (पृष्ठभाग उलगडून नवी यूव्ही बनवणं) करत सुटतात.

चेकर ठीक आणि फोटो ताणलेला, असं असेल तर फोटोचं माप पाहा. यूव्हीच्या हिशेबात कुठलंही चित्र ० ते १ या चौकोनातच बसतं. २०४८ × १०२४ चा फोटो घेतला तर तो रुंदीत निम्मा दाबला जातो. तेवढं स्केल वेगळं द्यावं लागतं, किंवा फोटोच चौरस कापून घ्यायचा. मोबाइलने जरा तिरका काढलेला टाइलचा फोटो असेल तर टाइल मुळातच चौरस नाही. ते इमेज एडिटरमध्ये सरळ करा, थ्रीडीत ते दुरुस्त होत नाही.

ऑब्जेक्टचं स्केल

एन दाबा, आयटममध्ये स्केल पाहा. तीनही आकडे १ आहेत का?

ब्लेंडरचा सुरुवातीचा क्यूब २ मीटरचा असतो. तो ओढून ३.६ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड भिंत केली की स्केल होतं १.८, ०.०७५, १.५. अनरॅप मात्र या स्केलकडे बघतच नाही. त्याला अजून तो २ मीटरचा क्यूबच दिसतो, सगळे फेस (बाजू) सारखे. म्हणून भिंतीच्या १५ सेंटिमीटरच्या जाडीवर अख्खी टाइल दाबून बसते आणि लांब बाजूवर तीच टाइल पसरते. ब्लेंडर खाली याचा इशाराही देतो, पण तो वाचतं कोण.

उपाय : कंट्रोल-ए, स्केल, आणि त्यानंतर पुन्हा अनरॅप. हा दुसरा भाग बहुतेकजण विसरतात. नुसतं स्केल लागू केल्याने आधीची यूव्ही आपोआप सुधारत नाही. ऑल्ट-डीने केलेल्या प्रती एकच मेश वाटून घेत असतील तर ब्लेंडर स्केल लागू करू देत नाही. आधी त्यांना सिंगल यूजर करा.

स्केलचा एखादा आकडा उणे दिसला तर पाटीवरची अक्षरं उलटी का आली, याचं उत्तर मिळालं. ऑब्जेक्टच आरशात फिरलाय. तो सरळ करा आणि फेस ओरिएंटेशन चालू करून कुठे लाल, म्हणजे उलटा फेस, दिसतंय का तेही बघून घ्या.

कोऑर्डिनेट येतात कुठून?

आता मटेरियल. टेक्स्चर कोऑर्डिनेट नोडमधून (नोड म्हणजे मटेरियलमधला वायरने जोडायचा ठोकळा) वायर कुठल्या टोकाला जोडलीय? "जनरेटेड"ला असेल तर ऑब्जेक्टच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ० ते १ असं माप पसरतं, मग भिंत १ मीटरची असो की १० मीटरची. "ऑब्जेक्ट"ला असेल तर माप मीटरमध्ये येतं, पण ते ऑब्जेक्टच्या ओरिजिनपासून (शून्यबिंदूपासून) मोजलं जातं. बहुतेक कामांना "यूव्ही" लागते.

त्यातही एक गोम आहे. मेशवर दोन यूव्ही मॅप असू शकतात. तुम्ही एडिट करता तो एक आणि रेंडर वापरतो तो दुसरा. यादीत कॅमेऱ्याचं चिन्ह कुणाच्या पुढे आहे ते पाहा. यूव्ही एडिटरमध्ये बेटं (यूव्हीचे सुटे तुकडे) कितीही हलवली तरी भिंतीवर काहीच हलत नाही, हे लक्षण दिसलं की जवळजवळ नेहमी हेच निघतं. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलींमध्ये जास्त.

ट्रान्सफॉर्म : इथे खरा घोळ असतो

ब्लेंडरच्या मॅपिंग नोडमध्ये किंवा थ्री-जेएसच्या रिपीट-ऑफसेटमध्ये आकडे भरताना आपण चित्र हलवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात हलतात ते कोऑर्डिनेट. ग्राफिक्स कार्ड पृष्ठभागावरच्या प्रत्येक पिक्सेलला विचारतं, "इथे चित्रातला कुठला बिंदू दाखवू?" आणि आपण त्या उत्तरात ढवळाढवळ करतो. त्यामुळे परिणाम उलटा दिसतो. स्केल ३ केलं की टाइल तिप्पट मोठी होत नाही, एक-तृतीयांश होते आणि तीनदा उमटते. ऑफसेट ०.२५ दिला की चित्र उजवीकडे न जाता डावीकडे सरकतं.

त्यात ब्लेंडरच्या मॅपिंग नोडला प्रकार निवडता येतो. "पॉइंट" असेल तर वर सांगितल्यासारखं वागतं. "टेक्स्चर" असेल तर बरोबर उलट : स्केल ३ म्हणजे टाइल तिप्पट मोठी. एकाच खोलीतल्या दोन मटेरियलमध्ये दोन वेगळे प्रकार निवडलेले असले की आकडे तेच देऊनही भिंती जुळत नाहीत. तेव्हा आधी प्रकार वाचा, मग आकडे.

स्केल किती द्यायचं ते अंदाजाने ठरवू नका. समजा टेक्स्चरमध्ये ६०० मिलिमीटरच्या २ × २ टाइल आहेत, म्हणजे चित्र १.२ मीटरचं. भिंत ३.६ × ३ मीटर आणि तिची यूव्ही ० ते १ पूर्ण भरलेली. मग आडवं रिपीट ३, उभं २.५. वर चित्र अर्ध्यात संपेल, पण टाइल कापली जाणार नाही : ३ मीटरमध्ये ६०० मिलिमीटरच्या बरोबर ५ टाइल बसतात.

आता हीच फरशी ४५ अंशांत फिरवायची म्हटली की क्रम महत्त्वाचा ठरतो. ब्लेंडरचा "पॉइंट" प्रकार कोऑर्डिनेटवर आधी स्केल, मग रोटेशन, मग लोकेशन लावतो. आधी स्केल लागल्यामुळे माप दोन्ही दिशांना सारखं झालेलं असतं, त्यावर रोटेशन येतं, आणि टाइल चौरस राहते. थ्री-जेएसमध्ये टेक्स्चरचं रोटेशन आधी लागतं आणि रिपीट नंतर. वरच्याच भिंतीवर रिपीट ३ आणि २.५ ठेवून ४५ अंश फिरवलं की ६० सेंटिमीटरच्या टाइलची एक बाजू साधारण ५५ आणि दुसरी ६६ होते, कोपरा ९० ऐवजी १०० अंशांच्या आसपास जातो. "तिरकी फरशी कलंडलेली दिसते" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते, आणि आकडे कितीही बदलले तरी ती जात नाही, कारण आकड्यांत चूक नसतेच.

यातून सुटायचे दोन रस्ते. एक, मेशची यूव्हीच खऱ्या मापाच्या प्रमाणात करा, म्हणजे आडवं-उभं रिपीट सारखंच लागेल आणि क्रमाने फरक पडणार नाही. मी नेहमी हाच निवडतो. दुसरा, टेक्स्चरचं मॅट्रिक्स ऑटो-अपडेट बंद करून मॅट्रिक्स स्वतः भरा. तो कोड लिहिणाऱ्यांसाठी.

फिरण्याचा केंद्रबिंदू हा पुढचा खड्डा. रोटेशन यूव्हीच्या ०,० भोवती होतं, म्हणजे चित्राच्या कोपऱ्याभोवती. सगळीकडे एकसारख्या टाइल असतील तर चालून जातं, पण मध्ये रांगोळीसारखं मेडॅलियन असेल तर ते फिरता फिरता भिंतीबाहेरच निघून जातं. थ्री-जेएसमध्ये सेंटर ०.५, ०.५ द्या. ब्लेंडरमध्ये आधी ०.५ वजा, मग फिरवा, मग ०.५ अधिक.

आणि एकक! ब्लेंडरमध्ये अंश, थ्री-जेएसमध्ये रेडियन. ४५ तसेच लिहिले तर ४५ रेडियन फिरतं, म्हणजे पूर्ण फेऱ्या वजा जाता साधारण ५८ अंश. ४५ आणि ५८ मधला फरक नुसत्या डोळ्याला चटकन खटकत नाही, म्हणून ही चूक डेमो होईपर्यंत लपून राहते.

रॅप आणि उलटं चित्र

कडेचे रंग ओढल्यासारखे पट्टे : थ्री-जेएस मुळात चित्राची पुनरावृत्ती करत नाही, कडेचाच पिक्सेल पुढे ओढतो. रॅप-एस (आडवी दिशा) आणि रॅप-टी (उभी दिशा) दोन्ही "रिपीट"वर न्या. टेक्स्चर एकदा वापरात आल्यानंतर हे बदललं तर नीड्स-अपडेट खरं करायला विसरू नका, नाहीतर बदल दिसणारच नाही. ब्लेंडरमध्ये हीच सोय इमेज टेक्स्चर नोडच्या "एक्स्टेंशन"मध्ये आहे.

चित्र डोक्यावर : जीएलटीएफ या मॉडेल एक्स्पोर्ट करायच्या फॉरमॅटमध्ये यूव्हीचा ०,० वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, ओपनजीएलच्या पद्धतीत खालच्या डाव्या. म्हणून जीएलटीएफ मॉडेलबरोबर आलेल्या टेक्स्चरचं फ्लिप-वाय (चित्र वर-खाली उलटवणारी सेटिंग) बंद असतं, आणि टेक्स्चर लोडरने वेगळ्या आणलेल्या टेक्स्चरचं चालू. टाइल बदलून दाखवण्याचं बटण बनवलं की मॉडेल जुनं, टेक्स्चर नवं, आणि चित्र उलटं. नव्या टेक्स्चरचं फ्लिप-वाय पहिल्या रेंडरच्या आधी बंद करा. साध्या टाइलवर हे कळत नाही, म्हणून चाचणीला कायम अक्षरं असलेलं चित्र वापरा.

(नवं टेक्स्चर फिकट, धुतल्यासारखं दिसत असेल तर ते कलर स्पेसचं प्रकरण आहे. एसआरजीबी द्या आणि पुढे चला.)

ब्लेंडरमध्ये ठीक, बाहेर नाही

जीएलटीएफमध्ये फक्त यूव्ही जाते. "जनरेटेड", "ऑब्जेक्ट" किंवा बॉक्स प्रोजेक्शनवर बसवलेलं टेक्स्चर बाहेर तसं जाणार नाही. खरी यूव्ही बनवा किंवा बेक करा (दिसतंय ते चित्रात उतरवून घ्या), तिसरा मार्ग नाही. मॅपिंग नोडमधलं सरकवणं, फिरवणं, स्केल हे एका एक्स्टेंशनमधून बाहेर जातं, पण समोरच्या व्ह्यूअरला ते एक्स्टेंशन समजलं पाहिजे. अनेक व्ह्यूअरना चालवायचं मॉडेल असेल तर मी मॅपिंग नोड रिकामा ठेवतो आणि बदल यूव्हीतच करून टाकतो.

लाकडाच्या रेषांचंही तेच. दरवाजाच्या उभ्या पट्ट्यांची बेटं यूव्ही एडिटरमध्ये निवडा, ९० अंश फिरवा, झालं. त्यासाठी वेगळं मटेरियल करायची गरज नाही.

नॉर्मल मॅप

नॉर्मल मॅप म्हणजे खाचा-उंचवट्यांवर उजेड कसा पडेल ते सांगणारं चित्र. खाचा फुगीर दिसतायत? आधी नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल उलटा करून बघा. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स पद्धतींत तो परस्परविरुद्ध असतो, ब्लेंडर आणि जीएलटीएफला ओपनजीएलचा लागतो. फरशीच्या फोटोबरोबर दोन्ही प्रकार मिळतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो.

हिरवा चॅनेल बरोबर असूनही उजेड चुकत असेल आणि मॅपिंग नोडमध्ये रोटेशन असेल, तर दोषी तेच रोटेशन. नॉर्मल मॅपमधली दिशा यूव्हीच्या दिशेच्या संदर्भात लिहिलेली असते. मॅपिंगने चित्र फिरतं पण त्या दिशा फिरत नाहीत. ९० अंश फिरवलेल्या विटांवर उजेड बाजूने पडत असताना सावली वर-खाली दिसते. इथेही इलाज यूव्हीच फिरवण्याचा.

मेशचे दोष

इथून पुढे काम वेळखाऊ होतं, म्हणून हे शेवटी.

निमुळता फेस, उदाहरणार्थ जिन्याची बाजू किंवा छपराचा पाखा. चौकोन दिसायला एक असला तरी कार्डाकडे दोन त्रिकोण होऊन जातो आणि प्रत्येक त्रिकोणात यूव्ही स्वतंत्रपणे पसरते. दोन्हींचं प्रमाण वेगळं असलं की कौलांच्या ओळी कर्णावर मोडतात. यूव्ही फेसच्या खऱ्या आकाराची असेल तर हे होत नाही. निमुळत्या फेसला जबरदस्तीने चौरस यूव्ही दिली की होतंच. चित्र मुद्दाम निमुळतं करायचंच असेल तर फेसचे भरपूर तुकडे पाडा.

गोल, वळणदार वस्तू : मूर्ती, मडकं, सोफ्याची गादी. शिंपी कापड बेततो तसंच इथे बेतावं लागतं, शिवण कुठे लपवायची ते आधी ठरवून. यूव्ही एडिटरच्या ओव्हरलेमध्ये "डिस्प्ले स्ट्रेच" चालू करा. निळं म्हणजे ठीक, लालकडे जाईल तितका ताण. लाल दिसतं तिथे जवळपास सीम (शिवण) वाढवा. ब्लेंडर ४.३ पासून अनरॅपला "मिनिमम स्ट्रेच" हा पर्यायही आहे, जुन्या पद्धतीने जमलं नाही तर तो वापरून बघा. नंतर "ॲव्हरेज आयलंड्स स्केल", म्हणजे सगळ्या बेटांवर टाइलचं माप सारखं होईल.

गोलावरचा ताण शून्य होणार नाही. गाउसने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलंय की गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही. ताण कुठे न्यायचा एवढंच आपल्या हातात. मूर्तीची पाठ भिंतीला लागणार असेल तर तिथे न्या.

इथे थांबा

मॉडेलवर आधीच हाताने रंगवलेलं किंवा बेक केलेलं टेक्स्चर असेल तर अनरॅपचं बटण दाबूच नका. यूव्ही बदलली की रंगवलेलं सगळं भलत्याच जागी जातं, आणि फाइल सेव्ह करून बंद केली की परत येत नाही. दुसऱ्या यूव्ही मॅपवर लाइटमॅप (उजेड-सावली साठवलेलं चित्र) असेल तर त्यालाही हेच लागू.

माणसाचा चेहरा, किंवा हाडं बसवलेलं हलणारं पात्र : यूव्ही आर्टिस्टला द्या. फोटोंवरून स्कॅन केलेली मूर्ती किंवा कॅडमधून आलेला यंत्राचा भाग, ज्यात लाखो वेडेवाकडे त्रिकोण आहेत, त्यावर सीम मारत बसण्यात अर्थ नाही. आधी रिटोपॉलॉजी (मेश नव्याने नीट बांधणं) लागते आणि ते स्वतंत्र काम आहे. आणि चेकर ब्लेंडरमध्ये बरोबर, दुसऱ्या व्ह्यूअरमध्येही बरोबर, फक्त तुमच्याच ॲपमध्ये चुकीचा दिसत असेल, तर मॉडेलला दोष देऊ नका. शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा रंगवण्याचा कोड) लिहिणाऱ्या प्रोग्रामरला गाठा.

त्यांच्याकडे जाताना मूळ ब्लेंड फाइल टेक्स्चर पॅक करून द्या, एक्स्पोर्ट केलेली फाइल वेगळी द्या, कलर ग्रिड लावलेले दोन्हीकडचे स्क्रीनशॉट द्या आणि वस्तूचं खरं माप मिलिमीटरमध्ये लिहा. नुसता "नीट दिसत नाही" असा मेसेज पाठवलात तर पहिला तास हे सगळं तुमच्याकडून मागवण्यातच जाईल, आणि त्या तासाचं बिल तुम्हालाच लागेल.